बांधलं, बघितलं

४ मार्च, मंगळवार

दोन बॉनेट, एक दार, एक बंपर — चारही नग गॅरेजमध्ये सुखरूप. एक ओरखडा नाही. गॅरेजवाला दारावर नाक टेकवून बघत होता. बघ बाबा, हवं तेवढं बघ. अकरा वर्षांत आमच्या पिकअपमधून उतरलेल्या पत्र्यावर कुणाला बोट ठेवता आलेलं नाही. हे मी इथे लिहितोय, कारण बाहेर बोललो की दादा म्हणतो, "पुरे, पाठ दुखेल थोपटून थोपटून."

आमची पद्धत साधी आहे. दादा बांधतो, मी चालवतो. पट्टे आवळून झाले की तो म्हणतो, "बांधलं." मग मी गाडीला फेरी मारायची, एकेक पट्टा ओढून बघायचा आणि म्हणायचं, "बघितलं." त्याशिवाय चाक हलत नाही. ज्याने बांधलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे हवेत, असं दादानेच पहिल्या दिवशी ठरवलं होतं.

आता खरं सांगायचं तर — या वहीत नाही तर कुठे सांगणार — हल्ली मी सीटवर बसूनच आरशात नजर टाकतो आणि "बघितलं" म्हणून मोकळा होतो. दादाचा हात आहे तो. त्यात काय बघायचं?

५ मार्च, बुधवार

ही म्हणते, दिवसभर गाडी हाकायची आणि घरी येऊन वहीतही गाडीच. मग काय लिहू, तुझ्या आईचं कौतुक? — असं विचारलं. हसली नाही.

८ मार्च, शनिवार

आज डोकं फिरलंय.

वहिनींनी जेवताना सहज सांगावं तसं सांगितलं, "भावोजी, यांना डेपोतून बोलावणं आलंय. स्टोअरमध्ये. बसून काम आहे. महिनाअखेर काय ते कळवायचंय." दादा समोर ताटात बघत जेवत होता. जसं काही शेजारच्याबद्दल चाललंय!

मी विचारलं, "मला कधी सांगणार होतास?"

"बघू," म्हणाला.

बघू म्हणजे काय? अकरा वर्षं शेजारी बसलाय माणूस. स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजणार? मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. पट्टे बांधायला उद्या दुसरा माणूस मिळेल. पण दादाशिवाय मला ती गाडी चालवायचीच नाही, हे त्याच्या तोंडावर बोलता आलं नाही. पाणी प्यायलो आणि उठलो.

पण जाणार नाही तो. मी ओळखतो त्याला. हातात मोठं काम आलं की आपोआप थांबेल.

११ मार्च, मंगळवार

आणि आलं! बस बांधणाऱ्या कारखान्याच्या फोरमनचा फोन. मिशीवाले म्हणतात त्यांना सगळे. बसचा पुढचा मुखडा — काचेखालचा, दिव्यांच्या जागा असलेला, अख्खा एका तुकड्यात, फायबरचा — साच्याच्या कारखान्यातून उचलायचा आणि सत्तर किलोमीटरवर त्यांच्याकडे पोचवायचा. आधीच्या ट्रकवाल्याने दोन फोडले. "एक आणून दाखवा. नीट आला तर वर्षभराचे बारा तुमचे."

एक म्हणजे काय, बाराच्या बारा आणून दाखवतो. असं बोललो नाही, फक्त "येतो" म्हणालो. पण मनात बोललो.

दादाला सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "रुंदी किती?"

बघा! जाणाऱ्या माणसाला रुंदी कशाला हवी?

१२ मार्च, बुधवार

किरकोळ भाडं, ट्रकची तीन दारं. गोदामाच्या गेटबाहेर पडतो न पडतो तोच दादा म्हणाला, "थांबव, जाऊन येतो." अरे, आत संडास होता की! गाडीमागे गेला, दोन मिनिटांत आला. मी म्हटलं, साखर तपासून घे. तो खिडकीबाहेर बघत बसला.

१५ मार्च, शनिवार

दिवसभर अंगणात. दादाने मुखड्यासाठी लाकडी चौकट केली. त्याची कामाची पद्धत बघत बसावी अशी आहे. आधी खडूने जमिनीवर पिकअपचा हौदा आखला, त्यात मुखडा आखला, मग त्यातच स्वतः उकिडवा बसून विचार करत राहिला. वहिनी दारातून म्हणाल्या, "बसमध्ये जागा मिळाली वाटतं." मी इतका हसलो की खडू हातातून पडला.

मला वाटत होतं मुखडा पोटावर पालथा घालावा, चारी कडा खाली, म्हणजे हलणार नाही. दादा म्हणाला, "परातीसारखा पालथा घातलास तर वारा खालून शिरेल आणि घेऊन जाईल." जड वस्तू आपल्या वजनाने बसते. इंजिनाला कधी एवढं बांधावं लागत नाही. ही हलकी, पसरट पोरगी — दोन माणसं सहज उचलतात, म्हणूनच वाराही उचलतो. तेव्हा उभा ठेवायचा, केबिनला पाठ टेकवून, खाली रबराची चटई, मध्ये जुन्या गाद्या. कडेवरून पट्टा जाईल तिथे फळीचा तुकडा, नाहीतर आवळताना फायबर तडकतं. पाच पट्टे. प्रत्येकाला एक पीळ, म्हणजे वाऱ्यात फडफडून सैल होत नाही.

माझं म्हणणं सपशेल चुकलं होतं. कबूल. पण चालवणार मीच ना.

१८ मार्च, मंगळवार

सरावाला म्हणून दोन जुने बंपर आणि एक छपराचा पत्रा त्याच चौकटीत बांधून नेला. "बांधलं." "बघितलं." उत्तम बसलं. गेटबाहेर पुन्हा तेच, "थांबव." आता मात्र मी वहिनींना सांगणार आहे की याला खरंच डॉक्टरकडे न्या.

१९ मार्च, बुधवार

आणला!

आता शांतपणे लिहितो. सकाळी सातला साच्याच्या कारखान्यात. मुखडा पांढराशुभ्र, दिव्यांच्या दोन रिकाम्या खाचा — आपल्याकडे कुणीतरी डोळे फाडून बघतंय असं वाटतं. ओरखडा नको म्हणून दोघांऐवजी चौघांनी धरून चढवला. दादाने तासभर घेतला. मी तोवर कारखान्याच्या माणसांना अकरा वर्षांच्या गोष्टी सांगत होतो, आणि ते ऐकत होते, त्यामुळे जरा रंगलोच.

"बांधलं," दादा म्हणाला.

मी सीटवर बसून इंजिन सुरू करत होतो. "बघितलं!"

तो क्षणभर तसाच उभा राहिला, पट्ट्यावर हात ठेवून. मग येऊन बसला. कारखान्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत कच्ची गल्ली, तिथे मी चालण्याच्या वेगाने नेतो. गल्ली संपायच्या आत तो म्हणाला, "थांबव." या वेळी मी आरशात बघितलं. तो मागच्या डाव्या पट्ट्यापाशी होता, आवळत होता. आत आल्यावर विचारलं तर म्हणाला, "वाजत होता."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खिडकी उघडी, कान उघडे, तरी नाही. काय कान आहेत माणसाचे! असा माणूस स्टोअरमध्ये बसवणार?

पुढे खाडीवरचा पूल. वारा असा की स्टेअरिंग हातातून ओढलं जात होतं. तीसच्या वर गेलोच नाही. मागून हॉर्न, शिव्या — द्या. दादा अख्खा पूलभर मान वळवून मागच्या काचेतून बघत होता. मुखडा तसूभर हलला नाही.

मिशीवाल्यांनी कडेवरून तळहात फिरवला, खाली वाकून खाचा बघितल्या, टिचकी मारून आवाज ऐकला. मग म्हणाले, "बाकीचे अकराही तुम्हीच आणा."

मी दादाकडे बघितलं. तो पट्टे गुंडाळत होता.

२० मार्च, गुरुवार

अंग दुखतंय. झकास वाटतंय.

२४ मार्च, सोमवार

गॅरेजवाल्याला दादाच्या कानांची गोष्ट सांगितली. पेट्रोलपंपावर सांगितली. हिला दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा तीच माझ्याआधी शेवट म्हणाली. दादासमोर सांगायला गेलो तर तो उठून गाडी धुवायला गेला. लाजतो.

डेपोचं नाव कुणी काढत नाही. मीही काढत नाही. दुसरा मुखडा चार तारखेला आहे, तो मी फळ्यावर लिहून ठेवलाय आणि खाली दोघांची नावं. त्याने वाचलं. पुसलं नाही, म्हणजे झालं.

२८ मार्च, शुक्रवार

चौकटीला रंग दिला. निळा. दादा म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, वर्षभर वापरायचीय. तो म्हणाला, "पट्ट्याचा खटका कसा आवळतात ते बघून घे एकदा. दांडा शेवटपर्यंत ओढायचा." मी म्हटलं, तू आहेस की.

३१ मार्च, सोमवार

दादाने डेपोला हो कळवलं. उद्यापासून जातोय.

मी म्हणालो, "आणि अकरा मुखडे?" तो पायरीवर बसून बूट सोडत होता. उजव्या हाताने नाडी धरता येत नव्हती, डाव्याने सोडवली. म्हणाला, "तीनदा एक पट्टा मुद्दाम सैल सोडला. तिन्ही वेळा तू बघितलं म्हणालास. मग बाहेर उतरून मीच आवळला. हातात जोर राहिला नाही रे. कधी ना कधी न कळता सैल राहणार. तेव्हा मागे बघणारं कुणी आहे का, एवढं मला बघायचं होतं."

तिन्ही वेळा मी सीटवरून उतरलोसुद्धा नव्हतो.