उमाची भीती घालवण्याचा प्रोग्राम

२५ एप्रिल १९८३, सोमवार
शरणम्माला सकाळच्या एसटीत बसवलं. सोबत तिचा भाऊ चन्नबसप्पा. पोटात गाठ आहे, नांदेडला ऑपरेशन. गाठ बहुतेक साधी, असं डॉक्टर म्हणाले. 'बहुतेक' म्हणायची डॉक्टर लोकांना सवयच असते.

उमाला सांगितलं, आई मामाकडं लग्नाला गेली. नऊ वर्षांची पोर, त्यात भित्री. अंधाराला भिते, आडाला भिते, गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला भिते. खरं कळलं तर आजारी पडेल. तिनं विचारलं, लग्नाला अव्वानं जुनी लुगडी का नेली. मी म्हटलं, नवी प्रवासात चुरगळतात. कापडाच्या धंद्यात अशी बिनतोड उत्तरं जिभेवर असतात.

ठराव: शरणम्मा परत येईपर्यंत पोरीची भीती मुळापासून काढायची. रोज एक. नुसतं भाषण नाही, प्रॅक्टिकल.
आणखी एक: लातूर जिल्हा होऊन इतके महिने झाले, आपल्या दुकानाच्या पाटीवर अजून 'मु. पो. मुरुड, जि. उस्मानाबाद'. उद्या स्वतः रंगवणार.

२६ एप्रिल, मंगळवार
रंग मिळाला नाही. विचारला नव्हता.

आजचा विषय अंधार. उमाला कोठीच्या दारात उभं केलं. म्हटलं, बघ, मी कसा जातो. गेलो. आत काहीतरी मऊ पायावरून पळालं. बाहेर आलो. जरा वेगात आलो, कारण दाखवायचं ते दाखवून झालं होतं. मग उमा कंदील घेऊन आत गेली आणि घूस होती म्हणून सांगत आली. घूस हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, भीतीचा नाही. विषय पूर्ण.

२७ एप्रिल
उमाची पथारी माझ्या पथारीला लावून घेतली. एकटीला भीती वाटायला नको. तिनं विचारलं, अप्पा, झोप येईना का. म्हटलं, तुझ्यावर लक्ष ठेवून राहिलो.

२८ एप्रिल, गुरुवार
टँकर आला. पाणी आडात सोडतात, मग सगळं गाव पोहरे टाकतं. उमा काठाजवळ यायला तयार नव्हती. मी काठावर उभा राहून म्हटलं, खाली बघायचं, बिनधास्त. बघितलं. आड फार खोल गेला आहे. तेवढ्यात ऊन लागलं. शेजारच्या विठाबाईनं मागून सदरा धरला आणि म्हणाली, "दादा, सरा तिकडं. तुमच्यापायी आमचं पाणी राहील." मी सावलीत बसलो. पाणी उमानं भरलं. विठाबाईनं तिच्या कमरेला दोर बांधला होता. पोरीनं पोहरा सोडला नाही. माझं प्रॅक्टिकल लागू पडून राहिलं.

३० एप्रिल
कुत्र्याचा विषय पुढं ढकलला. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात. उमा मला न विचारता त्याला भाकर टाकून आली. प्रोग्रामला शिस्त राहिली नाही.

पाटी राहिलीच. ब्रश वाळला आहे.

१ मे, रविवार
विठाबाई भाकरी द्यायला आली. म्हणाली, उद्या ऑपरेशन, पोरीला खरं सांगून टाका. म्हटलं, मुलांच्या मनाचा अभ्यास लागतो. ती म्हणाली, हाव का. आणि गेली. अडाणी बाई, पण भाकरी चांगली करते. आज मला गेली नाही. उष्म्यानं भूक मरते.

२ मे, सोमवार
दुपारी पोस्टातून निरोप आला, नांदेडचा ट्रंक कॉल लागून राहिला, लगेच या.

मी गिऱ्हाईकात होतो. ब्लाउजपीसचा रंग ठरत नव्हता. गिऱ्हाईक काही न घेता गेलं, मग कापडाच्या घड्या घालायच्या राहिल्या. दुकान असं टाकून जाता येत नाही. उमा दाराची चौकट धरून उभी होती. म्हणाली, "अप्पा, चला न." उठायला गेलो तर पाय उठेनात. मुंग्या आल्या होत्या. मग ती एकटीच पळाली. त्या उन्हात, अनवाणी.

ती येईपर्यंत कापडाचं एकच ठाण तीन-चारदा मोजलं. दर वेळी माप वेगळं.

आली ती धापा टाकत. आधी मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, "अव्वाचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आली. गाठ तपासायला पाठवली. आठवड्यानं कळंल, असं मामा म्हणाला."
मी विचारलं, ऑपरेशनचं तुला कुणी सांगितलं.
"अव्वानं. जायच्या आदल्या दिवशी. लग्न कुठं हाय?"

मग ती कोठीत गेली. दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, केरसुणी आणायला गेले होते. हात रिकामे होते. मी काही विचारलं नाही. पालकानं केव्हा गप्प बसायचं हेही समजावं लागतं.

५ मे
उमा विचारते, गाठ वाईट निघाली तर. म्हटलं, असा विचार करायचा नाही. ती म्हणाली, "मग तुम्ही कसला करून राहिलात?" म्हटलं, जिल्ह्याचा. आता लातूरला गिऱ्हाईक वाढणार, तिथं शाखा काढावी म्हणतो. नीट ऐकून घेतलं तिनं. मग माझ्या ताटातली भाकर कुस्करून दुधात घालून दिली. खाल्ली.

९ मे, सोमवार
आज कॉलला मी स्वतः गेलो. उमा गर्दीत हरवू नये म्हणून तिचा हात धरला. पोस्टात गर्दी नव्हती, पण सोडला नाही.

फोन तिनंच घेतला. माझी उंची जास्त, त्या खिडकीत वाकावं लागतं. ती नुसती "हाव, हाव" म्हणत होती. तिच्या तोंडावरून काही समजेना. मग वळून म्हणाली, "अप्पा, साधीच गाठ हाय."

पोस्टात पंखा नाही. फार घाम आला, डोळ्यांपर्यंत. उमानं फ्रॉकच्या टोकानं पुसला.

१४ मे, शनिवार
शरणम्मा आली. वाळली आहे, पण चालते. स्टँडवर जाताना मनात सगळा रिपोर्ट तयार केला होता. अंधार, आड, कुत्रा, एकेक विषय कसा हाताळला. पोरीत किती फरक पडला, ते तिला आधी माझ्याकडून कळावं.

ती एका हातानं पोट धरून हळूहळू उतरली. माझ्याकडं बघून हसली. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तिनं उमाला जवळ घेऊन विचारलं, "अप्पाला नीट सांभाळलीस न?"

उमा म्हणाली, "हाव. अप्पा एकदाच रडले."

ते पाणी घामाचं होतं, हे मी लगेच स्पष्ट केलं. तोवर दोघी एकमेकींना धरून बऱ्याच पुढं गेल्या होत्या. मी ट्रंक उचलली आणि मागं मागं निघालो.