'मनमिळाऊ'चा जर्मन अर्थ

तुझला, १९ नोव्हेंबर

प्रिय मेर्सिहा,

कशी आहेस? आईचे गुडघे काय म्हणतात? इथे कोळशाचा धूर सुरू झालाय, वॉर्डाच्या खिडक्या बंदच असतात. तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. हासान आजोबा सुई टोचली की ओरडतात, "त्या पोरीला बोलवा, ही बाई खाटीक आहे!" खाटीक म्हणजे मी.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

राजीनामा टाकून तू आईकडे का निघून गेलीस, ते मला परवा कळलं. जर्मनीच्या इस्पितळाने तुला नाकारलं ते माझ्या शिफारसपत्रामुळे. भरती एजन्सीच्या बाईंनी फोनवर माझी बिनपाण्याने केली.

"सिस्टर, तुम्हाला हिचं भलं करायचं होतं की वाटोळं? 'मनमिळाऊ' लिहिलंत! तिकडे त्याचा अर्थ, कामापेक्षा गप्पा जास्त. 'मनापासून प्रयत्न करते' म्हणजे जमत काहीच नाही!"

"अहो, मग चांगल्या माणसाला चांगलं म्हणायचं तरी कसं?"

"'सदैव' आणि 'संपूर्ण समाधान'. दोन्ही हवेत. एक गळलं तरी पोरगी गेलीच समजा."

अख्खी संध्याकाळ बसून लिहिलं होतं गं मी ते. एकेक शब्द खरा होता.

तुला वाटलं, म्हातारीने मुद्दाम केलं. मुद्दाम नाही केलं. पण नकार आला त्या दिवशी तू चादरींच्या खोलीत रडत होतीस, आणि मी बाहेर कॉफी उकळत गुणगुणत होते. माझी लेक एल्मा जर्मनीला गेली, तिच्यामागे वॉर्डातल्या अर्ध्या नर्स गेल्या, आता एक तरी राहिली, असं वाटलं मला. तुझ्या रडण्यावर मी खूश झाले, मेर्सिहा. त्याची फार लाज वाटते.

जर्मनीतली ती जागा सोमवारपर्यंत रिकामी आहे. बाईंनी सांगितलेला मजकूर मी जसाच्या तसा उतरवलाय. "तिच्या कामाबद्दल आम्हाला सदैव संपूर्ण समाधान वाटले." मरायला टेकलेल्याचा हात धरून त्याच्याशी गावच्या गप्पा मारणारी तू त्यात कुठेच नाहीस. पण कागद पक्का आहे. सही-शिक्का करून सोबत जोडलाय.

शेवटी बाई म्हणाल्या, "आणि ती जातेय याचं वाईट वाटतं, असं लिहा. ती ओळ नसली तर त्यांना वाटतं, ब्याद टळली म्हणून सोडलीय."

"खरंच वाटत असलं तर चालतं का?" मी विचारलं.

बाई हसल्या. "खरं-खोटं कोण बघतंय, सिस्टर? रीत आहे ती."

सोमवारच्या आत पाठव. माझ्याकडे बघू नकोस, जा.

तू जातेयस याचं मला अतिशय वाईट वाटतं. त्यांच्या भाषेतही, आणि आपल्याही.

तुझी,
जेवाहिरा सिस्टर