पावण्यांचा खुराक

आबा, त्या पक्ष्याला तुम्ही शेवटपर्यंत पावणंच म्हणालात. सर्कशीतल्या काकांनी त्याचं नाव टूकन आहे असं सांगितलं होतं, तो सातासमुद्रापलीकडच्या जंगलातला आहे आणि फळांवर जगतो, हेही सांगितलं होतं. पण आपल्या मंगळवार पेठेत नवखा माणूस दारात आला की तो पावणं, आणि हा तर चक्क मुक्कामालाच आलेला. काळंकुळकुळीत अंग, गळ्याशी पिवळा रुमाल बांधल्यासारखा पट्टा, आणि चोच एवढी की आधी चोच घरात आली आणि मागाहून पक्षी. आई म्हणाली, "अगं बाई, खाली वाकला की ह्येचा तोल कसा ऱ्हातोय?" तुम्ही मात्र ती चोच बघून खूश झालात. असलं हत्यार पेलायचं म्हणजे मानेत दम पाहिजे, म्हणालात. दोन दिवसांनी तुम्ही ती चोच हळूच बोटांत धरून पाहिलीत तर ती पापडासारखी हलकी निघाली, आणि कुणीतरी आपल्याला फसवल्यासारखं तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तो चेहरा आठवला की मला अजून हसू फुटतं.

काका तुमचे तालमीतले जुने जोडीदार. तुम्ही आपल्या पेठेच्या तालमीचे वस्ताद झालात आणि ते सर्कशीत जाऊन लोखंडी गोळे उचलायला लागले. सर्कशीच्या मालकानं कुठूनसा हा पक्षी आणला होता आणि तो वाळत चालला होता. ट्रकचे हिसके त्याला सोसत नव्हते. "गडहिंग्लज, बेळगाव करून दोन म्हैन्यांनी ह्याच वाटंनं माघारी येतोय," काका म्हणाले. "तवर ह्येला जगीव. मालकाम्होरं मी तुझं नाव घेतलंय." तुम्ही छातीवर हात ठेवलात. "माझ्या घरातनं आजवर कोण वाळून गेलंय काय?" झालं. वस्तादांनी शब्द दिला म्हणजे अख्ख्या तालमीनं दिला. दुसऱ्या दिवशी सुताराकडून पलंगाएवढा पिंजरा आला, आत पेरूच्या दोन आडव्या फांद्या बसल्या, आणि सोप्यातली तुमची खुर्ची पावण्यांसाठी बाहेर गेली.

पहिले तीन-चार दिवस फळंच दिली. पण तुमचं लक्ष त्याच्या तोंडाकडं कमी आणि शेपटीकडं जास्त. सकाळी घातलेली पपई अर्ध्या तासात त्याच केशरी रंगानं भिंतीवर पिचकारीसारखी उडायची. आई भिंत पुसत पुटपुटायची, आणि तुम्ही गंभीरपणे मान हलवायचात. "बघ की. वरनं घातलं, खालनं गेलं. अंगाला काय लागणार, डोंबल?" मग तुम्ही पिंजऱ्यात हात घालून, नव्या पोराला आखाड्यात घेण्याआधी चाचपता तसं त्याला छातीवर चाचपलंत. मधलं हाड तुमच्या बोटाला धारेसारखं लागलं. "ह्येला खुराक पायजे," तुम्ही निकाल दिलात. "फळं आजारी माणसाला. आजपास्नं बंद."

खुराक म्हणजे काय हे आपल्या घरात सांगायला नको होतं. रात्रभर भिजलेले बदाम, खसखस, वेलदोडे, सगळं कुंडीत घोटायचं, त्यात समोर पिळून आणलेलं म्हशीचं दूध आणि खडीसाखर. तालमीत राहणारे दोन पैलवान रोज सकाळी मेहनत झाली की आपल्या ओट्यावर येऊन ते पितळी तांब्यानं रिचवायचे. आई आणि मी चहा घ्यायचो. यात कुणाचा कुणावर राग नव्हता. थंडाई पैलवानांची, चहा बायकांचा, हे आपल्याकडं सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. बदाम मात्र मी सोलायचे. शाळेत गेल्यावरही बोटांना वास येत राहायचा आणि भूगोलाच्या तासाला मी तो हुंगत बसायचे.

खुराकाची पहिली वाटी तुम्ही स्वतः पिंजऱ्यात ठेवलीत. पावण्यांनी चोचीचं टोक बुडवलं, डोकं झटकलं आणि चोच फांदीवर डावीकडून पुसली, उजवीकडून पुसली, पुन्हा डावीकडून पुसली. मी म्हटलं, "आबा, त्येला नको वाटतंय. काका फळंच म्हणलं हुतं." तुम्ही हसलात. "काकाचं ऐकूनच वाळलाय की त्यो. सवय न्हाई, लागंल. पैलवान बी पैल्यांदा तोंड वाकडं करतोय. उद्यापास्नं तू बघायचं. मी आखाड्यातनं येस्तवर वाटी रिकामी झाली पायजे."

वाटी रिकामी झाली. रोज झाली. पक्ष्यानं नव्हे, मी केली. आणि पक्ष्याला परसातल्या झाडाची, कावळ्यांनी अर्धी खाल्लेली पपई चिरून घातली. तुम्ही पहाटे तालमीत गेलात की आई घोटायला बसते, वाटी माझ्या हातात देते आणि चुलीकडं वळते. मी पिंजऱ्याआड बसून एका घोटात वाटी संपवते, ओठावरची दुधाची मिशी पुसते, आणि ओच्यातून पपई काढते. मग आमचा खेळ सुरू. तो फोड चोचीच्या अगदी टोकात धरतो, जणू चिमट्यानं, मान मागं टाकतो, आणि फोड वर उडून थेट घशात. टक् असा आवाज येतो. कच्ची फोड दिली तर माझ्याकडं एका डोळ्यानं बघून खाली टाकतो. चिकू आवडतो, पण साल नको. द्राक्षं तर मी लांबून फेकायचे आणि तो झेलायचा, दहातली नऊ. एकदा त्यानं द्राक्ष गिळलंच नाही, फांदीवरून सरकत सरकत जाळीपाशी आला आणि ते माझ्या तोंडासमोर धरून उभा राहिला. मी ते घेतलं आणि खाल्लं. आठवीतली घोडी मी, पण त्या दिवशी शाळेत जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम, पुरावा नष्ट करणं. तुम्ही यायच्या आत तळाचा कागद बदलायचा, वर राख पसरायची, भिंत ओल्या फडक्यानं पुसायची आणि मुंग्यांना हळद टाकायची. संध्याकाळी तो झोपायचा तेव्हा मान वळवून चोच पाठीवर ठेवायचा, शेपटी वर दुमडून तिच्यावर पांघरायचा, आणि फांदीवर नुसता एक काळा चेंडू उरायचा. तुम्ही पहिल्यांदा ते बघितलंत तेव्हा "पावण्याचं मुंडकं गेलं!" म्हणून अख्खी गल्ली गोळा केली होतीत.

तुम्ही आठ वाजता यायचात. अंगाला अजून लाल माती, आणि पहिलं काम म्हणजे वाकून वाटीत बघणं. रिकामी वाटी बघून तुमचा चेहरा असा उजळायचा की वाटायचं, आता खरं सांगितलं तर पाप लागेल. दर रविवारी छाती चाचपायचात. "भरतंय! हाड आत गेलं बघ!" महिन्याभरात पक्षी तुकतुकीत झाला, ओरडायला लागला, आणि तुम्ही पेठेत सांगत सुटलात की अमेरिकेतलं पाखरू कोल्हापूरच्या खुराकावर उभं केलं. इकडं आई माझं पोलकं दुसऱ्यांदा उसवून सैल करत म्हणाली, "चहावर एवढी कशी गं भरलीस तू?" मी तोंड फिरवून बदाम सोलत बसले.

काका ठरल्याप्रमाणं आले. ओट्यावर तालमीतली पोरं, शेजारी, सगळे जमलेले. काकांनी पक्षी हातावर घेतला आणि त्यांचे डोळेच भरून आले. तुम्ही नवा पटका बांधला होतात. बदामाचा एक अख्खा डबा त्यांच्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "रोज वाटीभर. दूध म्हशीचंच. आन् फळाचं नाव काढू नगंस, समदं खालनं जातंय." काका म्हणाले, "तू म्हणशील तसं. तू जगीवलंस त्येला."

मी दारात उभी होते. गप्प बसावं तर पावणं आठ दिवसांत संपणार. बोलावं तर चारचौघांत वस्तादांची फजिती. मी घरात पळाले आणि पपईची फोड घेऊन बाहेर आले. "काका, त्यो दूध पीत न्हाई. कधीच न्हाई पिला." तुम्ही गर्जलात, "गप! थोरांच्यात बोलू नगंस." मी फोड पुढं केली. टक्. दुसरी. टक्. तिसरी फोड तर त्यानं माझ्या हातातून ओढूनच घेतली. तुम्ही हट्टानं थंडाईची वाटी मागवलीत आणि स्वतः त्याच्यासमोर धरलीत. पावण्यांनी चोच बुडवली, डोकं झटकलं, आणि सगळं दूध तुमच्या नव्या पटक्यावर.

कुणाची हसायची छाती होईना. तुम्ही पटक्यावरचं दूध बोटानं पुसलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "मग दोन म्हैनं ही थंडाई कोण पीत हुतं?"

"मी, आबा."

तुम्ही माझ्याकडं आलात. मी डोळे मिटले. तुम्ही माझा दंड धरलात, नव्या पोराचा दाबून बघता तसा दोन बोटांनी दाबलात, पुन्हा दाबलात, आणि मग जे हसायला लागलात ते खाली बसेपर्यंत. "आयला, खुराक वाया गेला न्हाई की! लागलाय, लागलाय अंगाला!" मग सगळा ओटा हसला. काकांच्या हातातला डबा काढून घेतलात आणि म्हणालात, "पपई घाल त्येला. वस्ताद चुकला, जा, सांग सगळ्यांस्नी." दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडीपाशी दोन तांब्यांच्या शेजारी एक वाटी होती. दोन पैलवान बघत राहिले. "ही पोरीची," तुम्ही म्हणालात, "जनावराचं कळतं तिला." ती वाटी माझं लग्न होईपर्यंत चुकली नाही. काकांचं कार्ड यायचं, पावणं ठणठणीत आहे, आणि तुम्ही ते मला मोठ्यानं वाचायला लावायचात, सगळ्यांच्या देखत. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला मान, आबा. त्याच्यावर मी पुढं खूप काही निभावलं.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही काय म्हणाला असतात याची मला अजून धाकधूक आहे. खुराकाच्या दुसऱ्या दिवशी, वाटी माझ्या हाती आली त्या पहिल्याच सकाळी, मी ती पिंजऱ्यापर्यंत नेलीच नाही. न्हाणीच्या दारामागं उभी राहून प्याले, आणि त्या दिवशी पावण्यांना काहीच घातलं नाही. संध्याकाळी तो नेहमीसारखा चेंडू होऊन झोपला नाही, जाळीला लागून माझ्याकडं बघत बसला. पपई मला सुचली ती दुसऱ्या दिवशी उजाडताना, आणि ती जनावराचं कळत होतं म्हणून नव्हे, लाज वाटली म्हणून. दिवसभर उपाशी ठेवलं होतं मी त्याला, आबा. आणि तरीसुद्धा, न्हाणीच्या दारामागची ती वाटी मला सगळ्यांत गोड लागली होती.