बंद पडलेल्या ॲपचा केक

ती. आईस,
हर्षदाचा नाशिकहून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

हरसूलच्या बाजारातल्या भाजीवाल्यांसाठी मी ॲप बनवत होते ना, ते आमच्या कंपनीने काल बंद केलं. मला वाटलं, सगळे गप्प बसतील. तर तन्मय सरांनी चक्क केक मागवला! म्हणाले, “चालणार नाही हे लवकर कळलं, हेच यश! हर्षदा, तूच काप.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.

भाजीवाल्या गोजरामावशीने तर या ॲपसाठी नवा मोबाइल घेतला. तिला आता काय सांगायचं गं?

माझा केक डब्यात तसाच आहे. खाऊ का?

तुझी,
हर्षदा