निर्मात्याची ओळख पटलेली नाही

९ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे. औषधांच्या दुकानातलं माझं काम नेहमीसारखंच. नव्या मालकांनी काउंटरपाशी स्टूल दिलंय, त्यामुळे पाय तेवढे दुखत नाहीत. मागच्या खोलीच्या भिंतीला पुन्हा ओल आलीये. तुमच्याकडे सगळे ठीक असतील.

मागे फोन केला तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होतात. "हेल्पडेस्कला लिहा वहिनी, मला त्यात पडता येत नाही," म्हणालात. राग धरलेला नाही. आज कामासाठी लिहीत नाहीये, काम झालं. कसं झालं ते तुमच्या कानावर असावं, एवढंच.

आईंचा जुना फोन पाण्यात पडून गेला. नवा आणला, तुमच्याच कंपनीचा. ह्यांनी केलेलं ॲप लॅपटॉपवर जपलेलं होतंच. तुम्ही ते कधी पाहिलं नाहीत म्हणून सांगते. आईंच्या घशाच्या ऑपरेशनआधी, त्यांचा आवाज जायच्या आत, ह्यांनी त्यांना गाद्यांच्या कपाटासमोर, आवाज घुमू नये म्हणून, बसवून वाक्यं रेकॉर्ड करून घेतली होती. 'चहात साखर कमी आहे.' 'पंखा बंद कर, मेल्या.' मैदानावर पोरींना पळवणाऱ्या खेळाच्या बाईंचा तोच खणखणीत आवाज! चित्रावर बोट ठेवलं की आई बोलायच्या. हे गेले, तरी आई बोलत होत्या.

नव्या फोनवर ॲप टाकायला गेले, तर सूचना आली: 'निर्मात्याची ओळख पटलेली नाही. हे ॲप टाकता येणार नाही.' फोनच्या दुकानात विचारलं.

"कंपनीचा नवा नियम आहे. ज्याने ॲप केलं त्याने नाव नोंदवून चेहरा दाखवायचा."

"ते वारले."

"मग अवघड आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

नियम वाईटच आहे असं मी म्हणत नाही. शेजारच्या काकांच्या फोनमध्ये खोटं ॲप शिरलं, तेव्हा त्यांचा फोन कुणीतरी लांबून चालवत होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण फोन आमचा, आवाज आईंचा, आणि परवानगी तुमच्या कंपनीची, हे काही केल्या गळी उतरत नाही.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी ह्यांच्याच नावाने अर्ज भरला. ओळखपत्र घरात होतं. म्हटलं, कोण बघतंय! शेवटी स्क्रीनवर गोल आला, 'चेहरा गोलात धरा.' मी भिंतीवरचा फोटो काढला, काच पुसली, कॅमेऱ्यासमोर धरला. तर म्हणे, 'डोळ्यांची उघडझाप करा.' मी तशीच उभी. पुन्हा तेच, 'डोळ्यांची उघडझाप करा.' मग फोटो जागेवर लावला आणि भांडी घासायला गेले.

तोवर आई पाटीवर लिहीत होत्या. बाजारात तयार मिळतं तसलं बोलणारं ॲप टाकून दिलं, तर त्यातल्या बाईचा आवाज ऐकून त्यांनी लिहिलं, 'ही कोण भवानी?' आणि फोन उशीखाली सारला. हळूहळू पाटीही कोरी राहायला लागली. जेवताना चमच्यांचा आवाज तेवढा. ऑपरेशननंतरसुद्धा घर एवढं गप्प नव्हतं.

शेवटी हे शिकवायचे त्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर आले. म्हणाले, "वहिनी, नोंदणी तुमच्या नावाने करू. फक्त निर्माता म्हणून तुमचंच नाव लागेल. आमच्या सरांचं, म्हणजे ह्यांचं, काढावं लागेल."

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी पाटी ओढून लिहिलं, 'तो काही रागवायचा नाही.'

काढलं. मीच काढलं, कॉम्प्युटरच्या सरांना हात लावू दिला नाही. मग माझा चेहरा धरला, डोळे मिचकावले. परवानगी आली.

रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाक्याआधी ह्यांचं 'हं, बोल' ऐकू येतं. सर म्हणाले, तेवढं कापून देतो. आईंनी त्यांचा हातच धरला. कंपनीच्या लेखी हे आता कुठेच नाहीत. पण आई चहा मागतात तेव्हा आधी हे बोलतात.

आणि आता जे लिहायला बसले ते. आईंचा आवाज गेल्यापासून तुमचे फोन थांबले. बोलताच येत नाही तर फोनवर करायचं काय, असं वाटलं असेल. हे गेले तेव्हा आलात, तेव्हाही दाराबाहेर लोकांतच उभे राहिलात, आईंसमोर आला नाहीत. समजू शकते. पहिल्यांदा माझंही तसंच झालं, आईंकडे बघू की नको कळेना.

त्या ॲपमध्ये माणसागणिक एकेक पान आहे. दूधवाल्याचं आहे, माझं आहे. तुमचंही आहे आणि ते भरलेलं आहे. त्यात काय आहे, ते ह्यांनी मलाही सांगितलं नाही. काल माझं बोट तिकडे गेलं, तर आईंनी चापट मारली आणि लिहिलं, 'त्याचं आहे. तो आल्यावर.'

रविवारी मी घरी असते, तेव्हा रविवार सोडून या. दार आई उघडतील.

पत्राखाली आईंचे आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी लिहीत नाही. ते त्यांना स्वतः देता येतात.

तुमची,
वहिनी