निळ्या फाइलीतली तीन पत्रं

बाबा,

जय भीम. पुढे ‘सप्रेम’ लिहायचं होतं, पण आज हात चालत नाही.

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले. तुमचं कपाट उघडायचा धीरच होत नव्हता. काल कुठलासा दाखला हवा होता म्हणून निळी फाइल काढली, आणि माझ्या लेकीच्या, तुमच्या लाडक्या मित्तूच्या शाळेची तीन पत्रं निघाली. तिन्ही माझ्या नावाची. तिन्ही मी कधी पाहिलेलीच नाहीत!

दुसरीत, तिसरीत आणि पाचवीत आलेली. मजकूर एकच. मुलीला अक्षरं ओळखायला फार त्रास होतो, तिची तपासणी करून घ्यावी, रोज एक तास स्पेशल एज्युकेटरकडे पाठवायला पालकांनी संमती द्यावी. आणि प्रत्येक पत्राच्या समासात तुमचा शेरा, जन्मभर सरकारी फाइलींवर मारलात तसाच. ‘पाहिले. वर्गाबाहेर बसवणे मान्य नाही.’ खाली सही, तारीख. निवृत्त झालात तरी सवय काही सुटली नाही ना?

‘वर्गाबाहेर’ वाचलं आणि मला सगळं कळलं. यवतमाळकडच्या तुमच्या गावात मास्तरांनी तुम्हाला दाराबाहेर, चपलांजवळ बसवलं होतं. तिथूनच तुम्ही पाढे म्हणायचात. हे मला एकदाच सांगितलंत, इथे दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा. पुन्हा कधी विषय काढला नाहीत.

पण बाबा, स्पेशल एज्युकेटरची खोली तशी नव्हती हो! तिथे तिला कुणी हाकलून देत नव्हतं. एकदा जाऊन बघायचं तरी! मला विचारायचं तरी!

त्याऐवजी रोज संध्याकाळी तुम्ही तिला बाल्कनीत बसवून एकच पान दहा-दहा वेळा लिहायला लावायचात. “आळस आहे, बाकी काही नाही.” एकदा तर तळहातावर फूटपट्टी मारलीत. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिले. मला शिकवलंत, तसं तिलाही शिकवाल असं वाटलं होतं.

माझं काय कमी चुकलं? पालकसभा शनिवारी असायची आणि शनिवारी मला सुट्टी असायची. तरी तुम्हीच जायचात. “आठवडाभर दमतेस, आराम कर,” म्हणायचात. मी आराम केला.

आज ती पत्रं घेऊन मित्तूबरोबर शाळेत गेले. स्पेशल एज्युकेटर मॅडमनी तिन्ही वाचली, तारखा पुन्हा पाहिल्या. मग म्हणाल्या, “दूसरी में भेज देते तो बात और होती. अब सातवीं में है. पढ़ना तो शायद सीख ले, पर ये बच्ची कोशिश करने से ही डरती है.” मित्तू बाहेर बाकावर नखं कुरतडत बसली होती. कित्येक महिने वर्गात ती एक शब्द बोललेली नाही, हे मला तिथेच कळलं.

परत येताना बसमध्ये तिनं माझ्या मांडीवरची फाइल उघडली. तुमचं अक्षर तिला ओळखता येतं, वाचता येत नाही.

“मम्मी, हे आजोबांनी लिहिलंय ना? माझ्याबद्दल? काय लिहिलंय?”

“लिहिलंय, मित्तू हुशार आहे.”

“सच्ची?”

इतकी हसली, बाबा! घर येईपर्यंत तुमचा तो शेरा बोटानं गिरवत होती. मी खोटं बोलले. तुम्हाला वाचवायला बोलले, की स्वतःला?

संमतीपत्रावर मी सही केली आहे. सोमवारपासून ती त्या खोलीत जाईल. पहिला आठवडा रजा काढून मी तिच्याबरोबर जाणार आहे.

ही पत्रं मी फाडणार नाही, हा माझा शब्द. ज्या दिवशी मित्तूला तुमचं अक्षर वाचता येईल, त्या दिवशी फाइल तिच्या हातात देईन. तो दिवस कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर तुमच्या गावच्या शाळेचं ते दार तिला सांगेन, पण फूटपट्टी लपवणार नाही, आणि माझे शनिवारही लपवणार नाही. मग तुम्हाला आणि मला माफ करायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तुमची,
वैशू