साहेबांना राजीनामा हवा होता

बाई,

चार दिवसांपूर्वी आपल्या अभ्यासकेंद्रात, तुमच्या कात्रणांच्या खोलीत जाऊन आले. तिथं आता नवी ग्रंथपाल आलीय, पंजाबी मुलगी, माझ्या नातीच्या वयाची, बोलायला फार गोड. तिचाच फोन आला होता, ‘आँटी जी, पुराने स्टाफ में अब आप ही बची हो. ये देशों वाली फ़ाइलें किस हिसाब से लगी हैं, एक बार आके समझा दो ना.’ मुलानं मोहालीहून गाडीनं आणून सोडलं. जिना चढताना दोनदा थांबले. वर गेले तर तुमची लोखंडी कपाटं व्हरांड्यात काढून ठेवलेली, आणि टेबलावर एक मशीन एकेक कात्रण गिळून कॉम्प्युटरवर दाखवत होतं. एका देशाचं नाव टाइप केलं की तुमच्या हातची कात्रणं ओळीनं उभी राहतात, बाई, कोपऱ्यात तुमच्या लाल शाईची तारीख, जशीच्या तशी. पोरगी म्हणाली, ‘अब दुनिया में कहीं से भी कोई देख लेगा, आँटी जी.’ मला ती गुवाहाटीची मुलगी आठवली, दोन दिवस गाडीत बसून आपल्याकडे एका मासिकातला एक लेख उतरवून घ्यायला आली होती ती. आता घरच्या पलंगावर बसून वाचेल. चांगलंच झालं. तुम्ही असता तर आधी मशीनला नावं ठेवली असती आणि मग खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसला असता.

मग पोरीनं मला एक मजकूर वाचून दाखवला. कात्रणांच्या आधी एक पान राहणार आहे, हा संग्रह कुणी जमवला ते सांगणारं. तुम्ही नागपूरच्या, तुम्ही केंद्रात कशा आलात, जगातल्या देशांच्या फायली एकहाती कशा उभ्या केल्यात, सगळं तिनं नीट लिहिलंय. शेवटी थांबली. ‘फिर इन्होंने इस्तीफ़ा दे दिया. क्यों दिया, आँटी जी? काग़ज़ों में तो कुछ मिलता नहीं.’ मी म्हटलं, ‘सोचके बताती हूँ, बेटा.’ तिनं दिलेलं पाणी प्याले आणि घरी आले. त्यानंतर जेवण गोड लागलेलं नाही.

तुमची माझी गाठ सेक्टर सतराच्या बसस्टँडवर पडली, आठवतं? आमच्या ह्यांची बदली चंडीमंदिरच्या छावणीत झालेली, मी साताऱ्याकडून नवी आलेली, आणि पोरगी कुल्फीसाठी रस्त्यात बसून राहिलेली. मी तिला घरच्या भाषेत झोडपत होते, इथं कुणाला कळतंय म्हणून. आणि मागून आवाज, ‘अवो बाई, एवढ्या शिव्या तर आमच्या नागपुरातही नाही ऐकल्या!’ मी लाजून अर्धी झाले. तुम्ही पोरीला कुल्फी घेऊन दिलीत आणि मला विचारलंत, किती शिकलीस. मी म्हटलं, सातवी, पण वाचते सगळं, पुडीचा कागदसुद्धा. तुम्ही म्हणालात, ‘पुडीचा कागद वाचणारीच पाहिजे मला.’ ह्यांची फौजेतली नोकरी संपली आणि आम्ही इथंच राहिलो, तेव्हा खरोखरच बोलावणं पाठवलंत. हुद्दा मदतनीस. काम म्हणजे रोजची चार वर्तमानपत्रं कापायची, तारीख घालायची, देशाच्या फायलीत लावायची.

पहिल्याच महिन्यात केलेली ती चूक तुम्ही पुढं येईल त्याला सांगत होतात. हिंदी पेपरात मथळा होता, ‘संधि में संशोधन’. मी काय केलं? पोरांसाठी शिष्यवृत्त्या, परिषदा, परदेशातल्या जागा यांची जी फाइल होती, तिच्यात नेऊन लावलं. संशोधनाची संधी, आणखी काय! तुम्ही दोन दिवस ते कात्रण हुडकत होतात. सापडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलात. ‘अगं, इकडे संधि म्हणजे तह, आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती. दोन देश तह दुरुस्त करून राहिले आहेत आणि तू त्यांना शिष्यवृत्ती देऊन राहिलीस!’ मीही हसले. मग तुमचा चेहरा बदलला. ‘हसले म्हणून सोडून दिलं असं समजू नको. हे कात्रण ज्या मुलाला हवं होतं तो हात हलवत परत गेला असता. इथे अंदाजानं काही लावायचं नाही. शब्द आपल्यासारखा दिसला की जास्त घाबरायचं.’ आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा ट्रे ठेवलात. शंका आली की त्यात टाकायचं, संध्याकाळी दोघींनी मिळून बघायचं. त्या ट्रेनं मला जेवढं शिकवलं तेवढं सातवीपर्यंतच्या शाळेनं नाही शिकवलं.

रविवारी तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात इंग्रजी. तुम्ही पाटवड्या थापताय आणि मी ओट्याशी उभी राहून अग्रलेख मोठ्यानं वाचतेय, अडले की तुम्ही पाठमोऱ्याच शब्द सांगताय. एकदा म्हणालात, ‘सांबार संपला, घेऊन ये बरं पटकन.’ मी सतरा सेक्टरातल्या इडलीवाल्याकडून किटलीभर सांबार घेऊन आले. तुम्ही कपाळाला हात लावलात. मला काय माहीत, नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात ते! त्या दिवशी पाटवड्यांबरोबर तो सांबारच जेवलो. निघताना तुम्ही तुमचा जाडजूड इंग्रजी-मराठी कोश माझ्या पिशवीत घातलात. म्हणालात, ‘माझा पाठ झालाय.’ खोटं होतं ते, नंतर दोनदा माझ्याकडून मागून नेलात.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले आहे.

दर महिन्याला तुम्ही दारावर यादी लावायचात, कुणाकडे काय अडकलंय त्याची. त्या महिन्यात यादीत पहिलं नाव संचालक साहेबांचं. त्यांनी मासिकांचे बांधीव खंड आपल्या पुस्तकासाठी घरी नेले ते नेलेच, आणि इकडे ती गुवाहाटीची मुलगी परतीचं तिकीट हातात धरून बसलेली. साहेब आले, यादी फाडली आणि व्हरांड्यात ओरडले, ‘ये लाइब्रेरी है या थाना?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘थाने में तो जान-पहचान चल जाती है, सर. यहाँ नहीं चलती.’ उभी होती तेवढी पोरं हसली. तुमचं बोलणं त्यांनी एक वेळ गिळलं असतं, ते हसणं त्यांना गिळवलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या नावचा खरमरीत मेमो आला. तुम्ही लांबची रजा टाकलीत आणि भावाकडे नागपूरला गेलात. खंड मात्र यादी फाडली त्याच संध्याकाळी परत आले होते. मुलीला लेख मिळाला. जाताना मला किल्ल्या दिल्यात.

तीन आठवडे गेले. एक दिवस हेडक्लार्क सरदारजी माझ्या टेबलापाशी आले, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, ‘बहन जी, मैडम को आप चिट्ठी लिख दो. आपकी मानती हैं. साहब राजीनामा चाहते हैं. बस, बात ख़त्म हो.’ मला वाटलं, एवढं हळू बोलताहेत ते लाजेपोटी. मी विचारलंसुद्धा, ‘पक्का?’ ते म्हणाले, ‘पक्का जी, ख़ुद बोला है.’ घरी गेले, डाळ गॅसवर ठेवली आणि ओट्यावरच अंतर्देशीय पत्र लिहिलं. रडत लिहिलं. ‘साहेबांना तुमचा राजीनामा हवा आहे, म्हणजे विषय संपेल, असं हेडक्लार्क म्हणाले.’ त्यांनी ‘तुमचा’ म्हटलेलं नव्हतं, बाई. तो शब्द मी माझ्या पदरचा घातला.

दहा-बारा दिवसांत तुमचं रजिस्टर पत्र आलं. इंग्रजीत दोन ओळी. राजीनामा. मीच ते साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता कसं गार वाटत असेल! बाहेर सरदारजी मान हलवत होते, ‘मैडम भी कमाल हैं जी. साहब ने हाथ बढ़ाया, उन्होंने झटक दिया.’ कुठला हात, कुणी पुढं केला, मला काही उमगेना.

उमगलं ते बुडैलमध्ये, आमच्या भाड्याच्या घराच्या दारात. शेजारच्या दोन घरांत मोरीच्या पाण्यावरून जुंपली होती, पार पोलीस चौकीपर्यंत. एका दुपारी त्यातली एक बाई लाडवांचं ताट घेऊन दारात. ‘लो भैण जी, मुँह मीठा करो. राजीनामा हो गया!’ मी लाडू हातात घेऊन विचारलं, ‘किसने नौकरी छोड़ी?’ ती हसायला लागली. ‘नौकरी? लो कर लो बात! समझौता हो गया, भैण जी, समझौता! अब कोई झगड़ा नहीं.’ ती पुढच्या दारात गेली. मी तशीच उंबऱ्यात बसले. राजीनामा म्हणजे समेट. साहेबांना समेट हवा होता. वाघासारखा माणूस एक पाऊल मागं आला होता, आणि त्यानं टाकलेलं पाऊल मी तुमच्याकडं उलटं करून पाठवलं. तुम्ही इतकी वर्षं इथं काढलेल्या, तुमच्या कानावर तो शब्द हिंदीत पडला असता तर एका क्षणात कळला असता. पण तुमच्याकडं तो माझ्या मराठीतून आला. आणि माझ्या मराठीवर तुमचा भरवसा होता.

तेव्हा तुम्ही होतात, बाई. राजीनामा पोचून महिनासुद्धा झाला नव्हता. तुमची जागाही अजून भरलेली नव्हती. एक कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं. उलट तुमचीच दोन पत्रं आली. पहिल्यात विचारलं होतंत, कात्रणं चालू आहेत ना, नवीन देश झाला की नवी फाइल उघड, जुन्याच्या पोटात घालू नको. दुसरं थोडं थरथरत्या अक्षरातलं, त्यात एवढंच की केंद्राची आठवण येते, पण जिथं नको आहोत तिथं कशाला जायचं. हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! उत्तरात मी लिहिलं, कपाटांना नवा रंग दिला, थंडी फार पडलीय, तब्येतीला जपा. पुढच्या पावसाळ्यात तुमच्या भावाचं पत्र आलं. तुम्ही गेलात. तीसेक वर्षं झाली. तुम्ही गेलात ते हेच मनात धरून, की ज्या ठिकाणी आयुष्य घातलं तिथल्या माणसांनी तुम्हाला जा म्हटलं. कुणीही म्हटलं नव्हतं. साहेबही पुढं निवृत्त झाले, वारले, तुम्ही त्यांचा हात झटकलात असंच समजून. दोघांच्या मधे मी उभी होते आणि दोघांनाही काही बोलले नाही.

आज सकाळी त्या पोरीला फोन केला. चार दिवस मनात जुळवलेलं सगळं हिंदीत सांगितलं. म्हटलं, बेटा, त्यांनी आपणहून सोडलं नाही, सोडायला लावलं असंही नाही, एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावला आणि मग तोंड उघडलं नाही. ती म्हणाली, ‘ओहो, आँटी जी. इतनी पुरानी बात दिल पे लेके बैठे हो? जान-बूझके थोड़ी किया था. मैं लिख देती हूँ, निजी कारणों से. ठीक है?’ फार समजूतदार पोर आहे. मी म्हटलं, ‘नहीं बेटा, ग़लती मेरी लिखो.’ ती हसली, ‘ऐसा कौन लिखता है, आँटी जी!’ आणि तिला मीटिंगला जायचं होतं.

तीस वर्षं जे बोलायला जीभ रेटली नाही, ते सांगून झाल्यावर फोन ठेवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. माफीही मिळाली. जिनं माफ केलं तिनं तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. पण पोरीला मी सगळं सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले. तिला म्हटलं, लाजेनं गप्प राहिले, तुम्ही रागवाल म्हणून भ्याले. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. तुम्ही रागावला नसता. पोट धरून हसला असता, पहिल्या गाडीनं आला असता, आणि चार दिवसांत तुमच्या खुर्चीत बसून मला कात्री द्यायला सांगितलं असतंत. तुमचा राजीनामा आल्यावर नवं माणूस मिळेपर्यंत त्या खुर्चीत मला बसवलं होतं. अर्ज कसा करायचा, कुठल्या देशाचं काय कुठं मिळेल, हे पोरं मला विचारायला लागली होती. ते लाडू वाटले त्याच आठवड्यात कुठूनशी आलेली एक संशोधक मुलगी दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘मैडम जी, अंदर आऊँ?’

मला बरं वाटलं होतं, बाई.